तीन पानांच्या सात ओळी

हल्ली शेजारची पोरं अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतात तेव्हा स्वतःची एवढी तारीफ लिहितात की वाचताना मलाच घाम फुटतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी तोंडावर म्हणून टाकतो. ती हसून सोडून देतात. राग मला खरं तर माझाच येत असतो.

माझ्या तरुणपणी दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. राज्य निजामाचं. हैदराबादेत उर्दूतून बी.एस्सी. करून मी जिंतूरला घरी परतलो होतो आणि कपाशीवरच्या किडीचा अभ्यास करायला अमेरिकेत जायचं, या वेडानं पछाडलो होतो. नाही जमलं तर महसुलातली कारकुनी ठरलेलीच होती, आणि तिच्या नुसत्या विचारानं मला धडकी भरायची. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तिकडच्या एका नावाजलेल्या विद्यापीठाचा फॉर्म मागवून दिला. देताना म्हणाले, "सैन्यातून परतलेल्या पोरांनीच तिथले वर्ग भरलेत. बाहेरच्यांना जागा बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा जपून लिहा."

जपून लिहिणारा माणूस तर आमच्या घरातच होता. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली बसणारे अर्जीनवीस. लोकांची गाऱ्हाणी उर्दूत लिहून द्यायची, हा त्यांचा धंदा. अर्जीची रीत ठरलेली असे. लिहिणारानं स्वतःला 'फिदवी' म्हणजे पायाचा दास म्हणायचं, मग नाचीज, कमअक्कल, नालायक. साहेबाला जेवढं वर चढवायचं तेवढं आपण खाली उतरायचं. आबांनी लिहिलेली अर्जी नामंजूर होऊन परत फिरत नाही, अशी तालुक्यात ख्याती होती.

फॉर्मात एक प्रश्न होता : स्वतःविषयी लिहा, आम्ही तुम्हाला का घ्यावं?

आबांनी चटईवर बसून सांगायला सुरुवात केली. "लिही. फिदवी कमअक्कल हाय. अंगी कसलीच लायकी न्हाई. निव्वळ हुजुरांच्या मेहेरबानीवर भरोसा ठेवून अर्ज करायलाय."

"आबा, लायकीच न्हाई म्हणल्यावर घेतील कशाला?"

"लायकी हाय का न्हाई ते तूच ठरवलंस तर सायबानं काय करायचं? त्याचं काम त्याला करू दे की."

मला ते पटलं, हे आज सांगायला लाज वाटते. पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाही पटलं असतं. मी शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, सेलूला जाऊन एका जिनिंगच्या कचेरीतल्या टाइपरायटरवर टाइप केलं आणि डाकेत टाकलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्यात कोणताच गुण दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. गुणपत्रिका मात्र वेगळं सांगते. आम्ही कशावर विश्वास ठेवावा? तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाचं सविस्तर पत्र पाठवलंत तर पुन्हा विचार करू. ताकाला जाऊन भांडं लपवलं की दुसरं काय होणार!

आबांना मी ते मराठी करून वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते कचेरीला गेलेच नाहीत. दुपारी उर्दूत लिहिलेली तीन पानं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "माझ्याहून जास्त तुला कोण ओळखायलंय? याचं इंग्रजी कर." आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

पोराची तारीफ बापानं पोरासमोर करायची नाही, दृष्ट लागते, असा आमच्याकडचा दंडक. जन्मात आबांनी मला शाबास म्हटलं नव्हतं. त्या पानांत होतं की हा बारा वर्षांचा असताना रोज कापसाच्या पऱ्हाटीची बोंडं फोडून बघायचा आणि अळी कोणत्या दिवशी कुठं सापडली ते पंचांगाच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचा. पंचांग खराब केलं म्हणून मी याला मारलं. चूक माझी होती. शेवटी लिहिलं होतं : हजारो अर्ज्यांत मी लोकांसाठी लाचार झालो, पुष्कळ खोटंही लिहिलं. या कागदात एक अक्षर खोटं नाही. असा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

मी रडलो. मग सेलूला गेलो आणि टाइपरायटरसमोर बसलो, तर बोटंच उठेनात. माझ्याच हातानं माझी एवढी थोरवी कशी लिहायची? जिनिंगचा कारकून पाठीशी उभा राहून वाचत होता, त्यानं आणखीच चोरट्यासारखं झालं. मारलेलं गाळलं. पंचांग गाळलं. 'दुसरा पाहिला नाही' तर गाळलंच. उरलं ते एवढंच की मुलगा मेहनती आहे, वागणूक चांगली आहे, कपाशीची त्याला थोडीफार माहिती आहे. सगळं मिळून सात ओळी झाल्या.

सही घ्यायला कागद घरी आणला. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी दिसत होत्या.

"तीन पानांचं एवढंच झालं?"

"इंग्रजीत थोडक्यात मावतं, आबा."

त्यांनी विश्वास ठेवला. दौत पुढं ओढली आणि सात ओळींखाली आपली झोकदार उर्दू सही केली.

नकार आला तेव्हा मी फारसा चकित झालो नाही. महसुलात चिकटलो. आबांना मात्र ते लागलं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "माझं लिहिणं कमी पडलं का रे?" मी म्हणालो, "जागाच कमी होत्या." ते ताटावरून उठले.

पुढं लिंबाखाली कुणी त्यांच्या हाताची वाखाणणी केली की आबा म्हणायचे, "लोकांच्या अर्ज्या लय लिहिल्या. पोराची तेवढी मला लिहिता आली न्हाई." मी समोरच्याच कचेरीत बसायचो. खिडकीतून ते मला ऐकू यायचं. ते वारले तोपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही.