हिरड्यावरून गेलेली जीप

खोकल्यासाठी आज खलात हिरडा फोडला आणि तो तुरट वास नाकात गेल्याबरोबर आहुप्याचा रस्ता आठवला.

दिवाळीनंतरचे दिवस होते. माझे वडील, अण्णा, जीप चालवत होते. डिंभे धरणाचं पाणी वळणावळणाला दिसत होतं आणि समोरच्या कड्यावरून एक धबधबा अजून बारीक धारेनं पडत होता. एका वस्तीजवळ रस्त्यावर काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. आमच्या पिंपरी पेंढारला हुलगे असेच रस्त्यावर टाकायचे, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांखाली आयती मळणी व्हावी म्हणून. अण्णांनी शेजारधर्म म्हणून जीप त्यावरून नेली, मागं घेतली आणि पुन्हा नेली. कडकड आवाज आला.

घरातून एक म्हातारी धावत आली. "आवो पावणं, हिरडा हाय त्यो! त्यो मळत्यात व्हय?"

अण्णा खाली उतरले. उन्हात बसून त्यांनी फुटलेला हिरडा वेगळा केला. म्हातारीनं तोच फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला. "फुटका कोन घेत न्हाई. न्या तुमी, खोकल्याला व्हईल."

मला हसू आवरत नव्हतं. अण्णांनी ते फडकं मांडीवर ठेवलं आणि जीप सुरू केली. पुढं रस्त्यावर काहीही पसरलेलं दिसलं की ते जीप थांबवून उतरायचे आणि हातात घेऊन बघायचे.

आता आमच्याकडे मळणी यंत्रावर होते, रस्त्यावर कुणी काही टाकत नाही. अण्णाही नाहीत. गाडी मी चालवतो, आणि रस्त्यावर झाडाची सावली पसरलेली दिसली तरी माझा पाय ब्रेकवर जातो.