टोक मझार की बाहेर

कुणी काही विचारलं आणि मी गप्प बसले, असं फारसं कधी घडलेलं नाही. मेथीचा कडूपणा कसा काढावा, शाईचा डाग कशानं जातो, मुलीला कुठल्या क्लासला घालावं. प्रश्न भलत्याला विचारलेला असला तरी उत्तर माझंच. नवरा म्हणायचा, "एकदा तरी 'मला माहीत नाही' असं म्हणून बघ, जीभ काही झडणार नाही." मी त्याच्यावर डाफरायचे. आता नाही डाफरत. त्याचं बरोबर होतं, आणि ते मला एका बाईच्या पायाचं बोट गेल्यावर कळलं.

शाळेतून निवृत्त झाले आणि हातांना काही कामच उरलं नाही. जळगावच्या मेहरूण तळ्याभोवती किती चकरा मारणार? मग चामड्याच्या वस्तू करायचं खूळ डोक्यात शिरलं. एका चपला करणाऱ्याकडून उरलेसुरले तुकडे आणले, भोकं पाडायची आरी आणली, मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणला आणि जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. "घरात कातडं? तेही स्वयंपाकघराशेजारी?" त्यांची पर्सही चामड्याचीच होती, हे मी त्यांना लगेच दाखवून दिलं. त्यानंतर त्या महिनाभर आल्या नाहीत. पहिलं पाकीट मात्र असं झालं, की त्यात नोट घातली तर बाहेर काढायला चिमटा लागायचा.

हळूहळू हात बसला. चष्म्याचं घर, किल्ल्यांचा पट्टा, वहीचं कव्हर. फोनवर आमचा एक ग्रुपही झाला, जळगाव, चाळीसगाव, धुळे मिळून तीसेक हौशी माणसांचा. एक औषधांचे दुकानदार होते, एक कॉलेजातली पोरगी होती, दोन-तीन माझ्यासारखे रिकामटेकडे. फोटो टाकायचे, चुका विचारायच्या. उत्तर द्यायला मी बसलेलीच. वर्षभरात मी तिथली मास्तरीण होऊन गेले. कुणी फोटो टाकला की मी लाल गोल काढून चूक दाखवायची. लोक 'ताई, तुमचं बारीक लक्ष असतं हं' असं लिहायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

शिवण संपली की उरलेल्या दोऱ्याचं टोक लायटरनं जाळतात. नायलॉन वितळतो, त्याचा इवलासा मणी होतो, तो गरम असतानाच दाबला की शिवण उसवत नाही. हा मणी कुठल्या बाजूला घ्यायचा, यावर माझा नियम ठरलेला. आतल्या बाजूला. बाहेर दिसला की काम गावठी दिसतं. हे वाक्य मी ग्रुपवर किमान वीस वेळा लिहिलं असेल.

त्या ग्रुपात धुळ्याचे एक नाना होते. बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. नोकरीत असताना खांद्यावरची चामडी बॅग फाटली की ते स्वतःच शिवायचे, तिथून त्यांना नाद लागला. मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलून मेसेज टाकायचे, आणि तेही अस्सल अहिराणीत. ग्रुपातल्या निम्म्यांना ते कळायचं नाही. माझं माहेर शिंदखेड्याजवळचंच. लग्न होऊन जळगावात आले, शाळेत लागले आणि अहिराणी तोंडातून गेली. गेली कसली, मीच घालवली. वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की पोरं हसायची. तर नानांचे मेसेज ऐकून दोन ओळींत शुद्ध मराठीत लिहून द्यायचं काम मी आपणहून घेतलं. नाना म्हणायचे, "ताई आपली घरनी शे, ती बठ्ठं बराबर आयकस." घरची आहे, सगळं बरोबर ऐकते. मला कोण आनंद व्हायचा!

खरं सांगायचं तर मी बठ्ठं ऐकत नव्हते. नानांचे मेसेज तीन-तीन मिनिटांचे. सुरुवातीला राम राम, मग पाऊसपाणी, मग गाडीत भेटलेल्या कुणाची तरी गोष्ट, आणि प्रश्न अगदी शेवटी. मी पहिलं थोडं ऐकायचे, मग बोटानं सरकवत शेवटाला जायचे. वर्गातही माझं हेच व्हायचं, पोराचा प्रश्न पुरा होण्याआधी माझं उत्तर तयार.

एक दिवस असाच नानांचा मेसेज आला. मी कणीक मळत होते. एका हातानं चालू केला. राम राम झालं, चाळीसगावला लग्नाला जायचंय हे झालं. मी सरकवला. शेवटी नाना विचारत होते, "ताई, धागानं टोक मझार जाळू का बाहेर?" मझार म्हणजे आत. मी कणकेच्याच बोटानं लिहिलं: 'नाना विचारतात, टोक आत की बाहेर? आतच, नाना. बाहेर कधीच नको.' नानांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

महिन्याभरानं ग्रुपवर धुळ्याच्याच कुणीतरी लिहिलं की नानांच्या घरी दवाखाना चाललाय. अक्कांच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, पायाची करंगळी काढावी लागली. साखरेचा आजार. चपलेत काहीतरी टोचत होतं, कळलंच नाही, जखम चिघळली. खाली सगळ्यांनी 'लवकर बऱ्या होवोत' लिहिलं. मीही लिहिलं. आणि लिहून झाल्यावर वरची ओळ पुन्हा वाचली. चपलेत?

मी मागे जाऊन नानांचा तो मेसेज शोधला आणि या वेळी पुरता ऐकला. मधेच होतं ते. "मनी बायकोना पायस्ले काही समजस नही, ताई. काटा मोडना तरी तिले कळस नही. बजारनी चप्पल घासस, म्हनीसन तिनासाठे मी नरम चप्पल करी राह्यनू." आणि मग तो प्रश्न.

पाकिटाच्या आत मणी असला तर नोटांना काय होतंय? पण चपलेच्या पट्ट्याच्या आत, ज्या पायाला काट्याचीही जाणीव नाही त्या पायाला लागून, नायलॉनचा कडक मणी! असला वेडेपणा कुणी पोरानंही सांगितला नसता. त्या चपला घालून अक्का चाळीसगावच्या लग्नात दिवसभर उभ्या राहिल्या असणार. मी मेसेज पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला. नानांनी किती सावकाश, समजावून सांगितलं होतं! स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याची बस पकडली. सांगायचंच म्हणून गेले होते. एरंडोल, पारोळा मागे पडलं, मी मनात वाक्यं जुळवत होते. नाना, चूक माझी आहे. मी पुरतं ऐकलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

देवपुरातलं दोन खोल्यांचं घर. अक्का कॉटवर, पायाला पांढरी पट्टी. मला बघून उठायला लागल्या. "तुम्ही बठा, ताई. त्या रोज तुमनंच नाव काढतस," अक्का म्हणाल्या. अहिराणीत नवऱ्याला मानानं 'त्या' म्हणतात. नाना बारीक झाले होते. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "तुम्ही बराबर सांगं व्हतं, ताई. मनाच हात वाईट. मी टोक नीट दाबं नही." माझंच बरोबर होतं म्हणे, त्यांच्या हातानं घोटाळा केला! मग त्यांनी कोपऱ्यातून कापडात गुंडाळलेली हत्यारं आणली. आरी, दोन सुया, हातोडी आणि त्यांची जुनी रापी, कातडं कापायची रुंद पात्याची. "हाई तुम्ही ली जा. मी आते हात लावाव नही."

माझी जीभ, जी कधी म्हणून थांबली नव्हती, ती टाळ्याला चिकटली. आत्ता सांगितलं तर अक्कांसमोर काय तोंड राहील, इतकंच मनात आलं. पुढच्या वेळी सांगू. अक्का बऱ्या झाल्या की सांगू. मी चहा प्याले, हत्यारं घेतली आणि बसमध्ये येऊन बसले. हो, घेतली. तोंडानं 'असू द्या, नाना' म्हणत घेतली.

वर्ष गेलं. कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आणि माणूस किती निर्लज्ज असतो बघा, ग्रुपवर मी उत्तरं द्यायची थांबले नाही. कुणीतरी नव्यानं विचारलं, कातडं कापायला काय वापरावं. मी नानांच्या रापीचा फोटो काढून टाकला. वर्षभर गप्प असलेल्या नानांचा मेसेज आला, चार सेकंदांचा. "मनी रापी चांगला हातमा गयी."

त्या दिवशी मी जेवले नाही. सकाळी हत्यारांचं गाठोडं घेऊन पुन्हा धुळ्याला गेले.

या वेळी वाक्यं जुळवली नाहीत. चपला काढल्या, खाली सतरंजीवर बसले, गाठोडं पुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. अहिराणीतच सांगितलं, चाळीस वर्षांनी तोंडात आली, मोडकीतोडकी. तुमचा मेसेज मी आयकना नही, नाना. मधला बठ्ठा सोडी दिन्हा. चप्पल शे हाई माले माहीतच नव्हतं. तुम्हना हात वाईट नव्हता.

नानांनी गाठोड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मी टोक बराबर दाबं व्हतं?"

"बरोबर दाबलं होतं, नाना."

मला वाटलं, आता ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

चिडल्या त्या अक्का. "बोट गयं ते गयं," त्या म्हणाल्या. "साखरमा कितलाकस्ना पाय जातस. पन तुम्ही तवय काबर नही सांगं? रोज सांजले त्या मना पाय धुयेत, पुसेत, उजेडमा दखेत. वीस वरीस. लग्नना गडबडमा चार रोज तेवढं राही गयं. आते वरीस व्हई गयं, मना पायले हात लाया नही त्यास्नी. भ्याव लागस म्हने. मना हातखाल काही व्हई जाई म्हने."

वीस वर्षं रोज पाय धुणारे नाना वर्षभर भीतीनं त्या पायाला हात लावत नव्हते, हे मला माहीतच नव्हतं. बोटाचं ओझं मी वर्षभर वाहत होते, पण या घरात माझ्या गप्प बसण्यानं रोज संध्याकाळी काय चाललंय, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यांनी लुगडं थोडं वर घेतलं आणि पाय कॉटच्या कडेला, नानांच्या समोर ठेवला. चार बोटांचा. "ल्या, आयकं ना? तुमना हात वाईट नव्हता. दखा आते."

नानांनी हात पुढे केला. पायापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी तो मागे घेतला आणि पायजम्यावर पुसला.

"सांजले दखू," ते म्हणाले.

"वरीस व्हयनं," अक्का म्हणाल्या, "रोज हाईच सांगतस."

अक्कांचा पाय तसाच पुढे होता.