हळदीची बोटं आणि तांबेरा

मी मुळातच भित्री भागूबाई. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी संपत आली, तेव्हा जयपूरबाहेर दूधवाल्या भाभींच्या शेतात आम्ही अर्धेलीने गहू पेरला. दोन्ही घरांची वर्षाची पोळी त्याच गव्हावर होती. जानेवारीतलं धुकं उतरलं की मी तडक शेत गाठायची. अशाच थंड, ओल्या हवेत पिवळा तांबेरा येतो, असं शेतकी खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. रोज पान चोळून बघायचं, बोटांना पिवळी भुकटी लागली तर तेवढा पट्टा लगेच फवारायचा, आणि त्या पिकातून फिरायचं नाही, कारण कपड्यांवरून रोग पुढे जातो.

संक्रांतीनंतर आमच्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकू झालं. भाभींनाही बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेतात गेलो. बांधाजवळची पानं फिकट दिसत होती. एक चोळलं, तर बोटं पिवळी. मी हात भाभींना दाखवला.

भाभी हसल्या. "अरे, आपके हाथ तो कल से पीले हैं."

त्यांचेही होते. कालची हळद दोघींचीही निघाली नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणत मीही हसले आणि आम्ही गव्हातूनच जवळच्या वाटेने परतलो.

घरी पाय धुवायला मोजे काढले. पांढरे मोजे घोट्यापर्यंत पिवळे झाले होते. मोज्यांना हळद कुठून लागणार?

नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. "मोजे पिशवीत बांधून ठेव, मी औषध घेऊन येतो," एवढंच ते म्हणाले. दुपारी वारा पडल्यावर त्यांनी बांधाजवळचा पट्टा फवारला. पण आम्ही तुडवलेल्या वाटेचं काय? तिथे काही उमटायचं असलं तर आठवडा-दोन आठवडे लागतात, असं साहेब म्हणाले. मला अन्न गोड लागेना. उरलेल्या एकाही हळदीकुंकवाला मी गेले नाही.

रथसप्तमी उलटल्यावर एका सकाळी भाभी माझ्याआधी त्या वाटेवर उभ्या होत्या. हात राखेने घासून लाल केलेले. त्यांनी पान चोळलं आणि मान फिरवून हात माझ्यापुढे धरला.

"आप देखो. मुझसे नहीं देखा जाता."

बोटं कोरी होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाट अजून बरीच लांब होती, आणि पुढचं पान चोळायची पाळी माझी होती.