बिनछपराच्या गाडीसाठी ओहायो नदीपार

जिथे चार-पाच महिने बर्फाशी गाठ असते, तिथे बिनछपराची गाडी घ्यायची हे फक्त माझ्या नवऱ्याच्याच डोक्यात येऊ शकतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो, सुहास एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. जाहिरातींच्या पेपरात त्याला एक फोटो दिसला: युद्धाआधीची दोन सीटची रोडस्टर, कुणीतरी हौसेनं कापूनछाटून, दांडगं इंजिन बसवून तिची हॉट रॉड केलेली. विकणे आहे. त्यानं तो फोटो कापून पाकिटात ठेवला. त्या पाकिटात माझा फोटो नव्हता, हे आपलं सहज सांगते.

शाळेत असताना रद्दीच्या दुकानात मिळालेल्या अमेरिकन मासिकातलं अशाच गाडीचं चित्र त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. घरात तेव्हा एकच सायकल, तीही वडिलांची. त्यामुळे मी फार विरोध केला नाही. तो डब्लिनमध्येच राहणाऱ्या आमच्या डॉक्टरकाकांनी केला. "अरे, व्हॅन घे यार! इंडियाहून पाहुणे आले की एअरपोर्टवरून टपावर बसवून आणणार का? आणि हिला तर टपही नाही!"

शनिवारी सकाळी रूट ३३ पकडला. जाणार असाल तर लोगनच्या आधीच गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या, पुढे डोंगर सुरू होतात आणि पंप विरळ. रस्ता सुरेख आहे, पण सुहास तो बघत नव्हता, मनातल्या मनात भाव पाडत होता. अथेन्सच्या पुढे एका डायनरमध्ये विचारलं, शाकाहारी काय मिळेल? वेट्रेस प्रेमानं म्हणाली, "चिकन आहे ना, हनी." तीन डॉलरचं चीज सँडविच खाल्लं आणि पार्किंगमध्ये उभं राहून घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. जेवण त्यालाच म्हणायचं.

नदीवरचा पूल ओलांडला की वेस्ट व्हर्जिनिया. वॉल्टर नावाच्या निवृत्त वेल्डरचं घर एका टेकडीच्या पोटाशी होतं. त्यानं कोठाराचं दार सरकवलं आणि गाडी समोर आली. काळी कुळकुळीत, बॉनेटवर रंगवलेल्या केशरी ज्वाळा, चाकं उघडी, इंजिन उघडं, दाराला बाहेरून कडीच नाही. सुहासचे डोळे भरून आले. मी पाहिलं. पुढच्याच क्षणाला त्यानं नासकं दूध प्यायल्यासारखा चेहरा केला.

कारण सुहास पडला पुण्याचा. वस्तू आवडली की तिला नावं ठेवायची, मग पाठ फिरवून सावकाश चालू लागायचं आणि दुकानदार "अहो साहेब, या तर खरं!" म्हणेपर्यंत मागे बघायचं नाही. या विद्येवर त्यानं जुन्या सामानाच्या गराज सेलमधून अर्धं घर भरलं होतं.

"रंग जरा भडक आहे," तो म्हणाला. वॉल्टरनं फडक्यानं बॉनेट पुसलं. "आवाज पण फार करत असेल." त्यानं दिवेही पुसले. मग सुहासनं सीटवर बोट ठेवलं. "ही शिवण वाकडी आहे."

ती शिवण वॉल्टरच्या बायकोनं घातली होती. ती आमच्यासाठी लिंबूसरबताचे ग्लास घेऊन मागेच उभी होती.

सुहासनं शेवटचा डाव टाकला. "राहू दे मग," म्हणून तो वळला आणि आमच्या गाडीकडे रमतगमत निघाला. वॉल्टर मागून म्हणाला, "बरं. नीट जा." आणि त्यानं कोठाराचं दार लावून घेतलं.

गाडी मी चालवत होते. "हळू घे," सुहास म्हणाला. "बोलावेल आत्ता." मी हळू घेतली. काच खाली केली. कुणीही बोलावलं नाही. पूल दिसायला लागला तरी तो आरशात बघत होता आणि मला त्याची फार दया आली. मी गाडी वळवली.

वॉल्टरला मी सरळ सांगितलं, "आमच्याकडे वस्तू आवडली की असंच बोलतात. याला ही गाडी लहानपणापासून हवी आहे."

"मग तसं त्यानं सांगावं," वॉल्टर म्हणाला. "ज्याला ती आवडत नाही, त्याला मी देणार नाही."

सुहासनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वॉल्टरच्या बायकोची माफी मागितली. आणि बोलायला लागला. ज्वाळा बॉनेटवरून दारापर्यंत कशा निमुळत्या होत गेल्यात, मागचा भाग कसा उतरलाय, लाल चामडं हाताला कसं लागतं. कपाटाच्या दारातलं चित्रही सांगून झालं. थांबेचना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या माणसाकडे इतकी विशेषणं आहेत हे मला त्या कोठारात कळलं. मला त्या गाडीचा हेवा वाटला, अगदी खराखुरा.

वॉल्टरनं किल्ली दिली. सुहासनं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेला भाव दिला.

येताना तो पुढे, मी मागून आमच्या गाडीत. लँकेस्टरला पाऊस लागला. तो नखशिखांत भिजला आणि सिग्नलला थांबून माझ्याकडे बघून हसला.

घरी आल्यावर काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवत गेले. ती वर्षातले चार-पाच महिनेच चालते, उरलेले महिने आम्हीच तिची सेवा करतो. तिकडे जायचं असेल तर मे-जूनमध्ये जा आणि आवडलं तर आवडलं म्हणा.

एका रविवारी तो तिचे दिवे पुसत होता. मी विचारलं, "माझ्याबद्दल असं कधी बोलशील का रे?"

त्यानं दुसरा दिवा पुसायला घेतला. मग खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी गाडी वळवलीस ना... बरं केलंस."

दोनच शब्द. मी घासाघीस न करता घेऊन टाकले.