उजव्या मीटरची जागा

“विचारून बघायचं. जीभ काय झडतीय का?”

अप्पांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. लातुरात माझं मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. अप्पा जवळच्या एका दाळ मिलमध्ये फिटर होते. पंचावन्नच्या पुढचं वय, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेचकस.

विचारण्याची त्यांना लाज म्हणून नव्हती. एसटीच्या कंडक्टरला ते म्हणायचे, “आमच्या दारापाशी जरा थांबिवता का?” आणि एसटी थांबायची. एकदा पोलिसानं त्यांना अडवलं, तर यांनी त्यालाच विचारलं, “साहेब, प्लगचा पाना हाय का तुमच्याकडं?” त्यानं गाडीच्या डिकीतून काढून दिला. अशी माणसं तुमच्याही गल्लीत एखाद-दोन असतील. आपण रांगेत उभे असतो आणि ते आतून चहा पिऊन बाहेर येतात.

मशीन बिघडली की अप्पा पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ दातात धरायचे आणि डोळे मिटायचे. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, हे दातात धरायचे. मिनिटभरानं मूठ तोंडातून काढून सांगायचे, “डावीकडचं बेअरिंग रडायलंय.” आणि तेच निघायचं. मला ते नाटक वाटायचं. गिऱ्हाइकांसमोर भाव खायची रीत, असं मी बायकोला म्हणायचो. बायको म्हणायची, “मग तुम्ही पण धरा की दातात.”

मी जळायचो त्यांच्यावर. आता लपवून काय करायचंय? दुकान माझं, माल माझा आणि गिऱ्हाईक मला सोडून त्यांना विचारायचं, “अप्पा, कोणती रिंग घेऊ?”

पण खरी जळजळ सुरू झाली ती बिलोलीच्या गाडीपासून.

बिलोली माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहायचे. त्यांच्या गोठ्यात तुराट्यांच्या भाऱ्यांखाली एक जुनी दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. तरुणपणी जिचा आवाज ऐकून आम्ही कॉलेजच्या वर्गातून खिडकीकडं पळायचो, तीच. दर दिवाळीला मी गोठ्यात जायचो, दोन भारे बाजूला करायचो, टाकीवरची धूळ बोटानं पुसायचो आणि परत यायचो. अशा दहा-बारा दिवाळ्या गेल्या. विकता का, हे एवढं विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही. नाही म्हणाले तर काय, हीच भीती. विचारलं नाही तोवर ती गाडी थोडी तरी माझीच होती.

एका दिवाळीला तलाठीबुवा स्वतःच म्हणाले, “जावईबापू, हिचा मीटर तेवढा घेऊन जा. उंदरं वायरी खाऊ लागलेत.” इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, उजव्या बाजूचा गोल मीटर तो. मी तो रुमालात गुंडाळून आणला आणि दुकानाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मनात म्हटलं, आज मीटर आला, उद्या गाडी येईल.

मग माझीच जीभ घसरली. काउंटरवर बसून अप्पांपुढं बढाई मारली की बिलोलीत अशी अशी गाडी आहे, आपण हेरून ठेवलीय. अप्पांनी दोन प्रश्न विचारले. पुढच्या रविवारी ते सकाळच्या एसटीनं बिलोलीला गेले आणि संध्याकाळी टेम्पोत गाडी घालून लातुरात.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले, ते पेढे घेऊन.

“तुम्ही घेणार होता व्हय, शेठ?” त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं.

“छे हो. मला कुठं वेळ.”

“विचारलं की देली त्यांनी. म्हनले, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच न्हाई.”

मी पेढा तसाच काउंटरवर ठेवला.

पुढचं वर्षभर अप्पांनी ती गाडी माझ्या डोळ्यांदेखत उभी केली. मिल सुटली की घराच्या पत्र्याखाली काम चालायचं. सुटा केलेला प्रत्येक भाग ते दाळीच्या रिकाम्या पोत्यांवर मांडायचे आणि त्याला मिलमधली पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधायचे. मिलमध्ये पोत्यांना तूर, हरभरा, मूग अशा चिठ्ठ्या असतात ना, तशाच. ‘हा बोल्ट आडमुठा हाय, आधी तापवायचं’ किंवा ‘ही नळी नांदेडहून, बेबीनं आणली.’ बेबी म्हणजे त्यांची मुलगी, नांदेडला कृषी खात्यात नोकरीला. ती शनिवारी आली की बापाशेजारी बसून पार्ट घासायची. माझ्या मुलाला मोटरसायकलचा प्लग कुठं असतो हेही माहीत नाही.

हँडल आणि स्पीडचा मीटर बसवायची वेळ आली तेव्हा अप्पा काही बोलायच्या आतच मी म्हणालो, “उजवा मीटर काही मिळायचा नाही हो अप्पा. मी सगळीकडं बघितलं.” ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकला होता.

अप्पांनी पेचकस खिशात खोचला. “नसू द्या,” म्हणाले. “कानानं चालवू.”

चार दिवसांनी बघितलं तर मीटरच्या गोल भोकात त्यांनी विभूतीच्या जुन्या डबीचं पितळी झाकण ठोकून बसवलं होतं. अगदी मापात. लोकांना वाटलं, गाडीची शोभा आहे. मला ते झाकण बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

गाडी रस्त्यावर आली. अप्पा पेट्रोलमध्ये घाण्यावरचं एरंडेल मिसळायचे. रेसच्या गाड्यांना पूर्वी तेच घालत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अर्थात विचारलं म्हणूनच सांगितलं असणार. औसा रोडवरून गाडी गेली की मागं एरंडेलाचा वास दरवळायचा आणि लहानपणी पोट साफ करायला एरंडेल प्यालेली आमच्या वयाची माणसं आपोआप पोटावर हात ठेवायची. पण आवाज? तो आला की मी दुकानात पाठमोरा होऊन डबे लावायला लागायचो.

एवढ्यावर त्यांचं भागेना. त्यांना ती रेसच्या ट्रॅकवर पळवायची होती. तमिळनाडूत एका ट्रॅकवर जुन्या गाड्यांना एक दिवस पळू देतात, हे त्यांनी फोन करकरून शोधून काढलं. मिलचा दाळीचा ट्रक तिकडं जायचाच. तुरीच्या पोत्यांवर गादी टाकून गाडी आडवी बांधली आणि ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. मी का गेलो? अप्पांनी विचारलं, “येता का, शेठ?” आणि नाही म्हणायलाही मला जमत नाही.

ट्रॅकवर कातडी सूट असल्याशिवाय सोडत नाहीत. अप्पांनी एका तरण्या पोरासमोर उभं राहून विचारलं, “तुमचं झालं की अर्धा तास देता का हे कपडे?” त्यानं दिले. सूट पोटावर बसेना. त्या अवतारात हेल्मेट घालून अप्पा निघाले तेव्हा मी मनात म्हणालो, पडावं एकदा. जिवाला काही होऊ नये, पण पडावं. असं मी म्हणालो हे खरं आहे.

तीन फेऱ्या झकास गेल्या. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज चढत चढत गेला. उजव्या मीटरवर धोक्याची लाल रेष असते, तो तिच्याही वर गेलाय हे मला कडेला उभ्या उभ्या कळत होतं. आता सोडतील, आता सोडतील, म्हणेपर्यंत इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकून घसरलं, गाडी झोकांडी खाऊन गेली. अप्पांनी क्लच दाबला म्हणून वाचले. गाडी गवतात जाऊन उभी राहिली. मी पळालो, चपला कुठं गेल्या ते कळलं नाही.

अप्पांनी हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा पडला होता.

“आवाज चढलेला कळला नाही का हो?” मी ओरडलो.

“ऐकू कुठं येतंय, शेठ,” ते शांतपणे म्हणाले. “तीस वर्षं मिलमधी गेली. उजवा कान कवाच गेलाय, डावा जायलाय. दातात पेचकस धरला की हाडातून कळतंय. हेल्मेटात कसं धरू?”

मी खाली गवतात बसलो. मीटरचा काटा असता तर डोळ्यांना दिसलं असतं. हे मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत असणार. ते एवढंच म्हणाले, “च्या कुठं मिळतो, विचारून येता का?”

लातूरला आल्यावर मी तीनदा मीटर पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. काय सांगून देणार? सापडला म्हणावं, तर इतके दिवस कुठं होता? तिन्ही वेळा चहा पिऊन पिशवी तशीच घेऊन परत आलो. त्यांनी नवे पिस्टन घातले. ट्रॅकचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी, सकाळी मिलमध्येच, छातीत कळ येऊन अप्पा गेले.

मी रडलो. पण आता खोटं कशाला बोलू? दहाव्या दिवशी मी दुकानामागची खोली रिकामी करून घेतली. बेबी नांदेडला, तिला त्या गाडीचं काय? येईल आपल्याकडंच, असा माझा हिशेब. विचारायचं मात्र तेव्हाही झालं नाही.

महिन्याभरानं तो आवाज आला, मागून एरंडेलाचा वास. दुकानासमोर बेबीनं गाडी उभी केली आणि हेल्मेट काढलं. ती गाडी नांदेडला न्यायला निघाली होती. पितळी झाकण तिच्या हातात होतं.

“काका, धुताना हे निघालं. आत ही बांधलेली होती.”

पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, सुतळीसकट. अक्षर अप्पांचं. ‘मीटर शेठकडं हाय. तलाठ्यानं सांगितलं. मागायचं न्हाई. देतील तवा जोडायचं.’

म्हणजे पेढे घेऊन आले त्या दिवशीच त्यांना माहीत होतं. साऱ्या जगाला विचारणाऱ्या माणसानं एकच गोष्ट विचारली नाही, ती मला.

“मी मागायला आले न्हाई, काका,” बेबी घाईनं म्हणाली. “अप्पांनी नको म्हणलंय. त्यांचं अक्षर तुम्हाला दाखवावं वाटलं, एवढंच.”

मी ड्रॉवर ओढला. रुमाल सोडला. पाने घेऊन बाहेर आलो आणि मीटर माझ्या हातानं बसवला. अर्धा तास लागला. बेबीनं किक मारली, तसा काटा थरथरला आणि वर चढला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मला वर बघवेना.

ती हेल्मेट चढवायला लागली. पितळी झाकण सीटवर पडलं होतं.

“बेबी,” मी म्हणालो. “ते झाकण मी ठेवून घेऊ का?”

“ठेवा की, काका,” ती म्हणाली.

गाडी अहमदपूरच्या दिशेनं गेली. मी झाकण हातात धरून रस्त्यावरच उभा होतो. जीभ काही झडली नव्हती.