त्या काळ्या बायका आणि आमचं वाचक मंडळ

“तू चहाचं बघ. साहित्याचं आम्ही बघतो.”

बारामतीच्या एका वाचनालयातली रविवारची बैठक. बोलणारे वाचक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य. मी तिथली कंत्राटी शिपाई. इंग्रजी घेऊन बीए झालेली, पण ते कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्याचा विषय ठरला, विज्ञानकथा. मी हातात ट्रे घेऊनच म्हणाले, मला बोलायचंय. अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या विज्ञानकथांवर.

बरेच जण हसले. जे हसले नाहीत त्यांनी बिस्किटं घेतली.

एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगंबाई, त्यांच्यातही लिहितात का असलं?”

त्या कथा मला वाचनालयानं रद्दीला काढलेल्या खोक्यात सापडल्या होत्या. माझं गाव निरवांगी ते बारामती, एसटीत, मांडीवर डिक्शनरी घेऊन वर्षभर वाचल्या. त्याआधी मी वाचलेल्या गोष्टींत यान पुण्याहून सुटायचं. शास्त्रज्ञाचं आडनाव ठरलेलं. बायको पोहे करायची. आमच्या आडनावाचा माणूस त्या यानाचा पत्रा पुसायलाही नसायचा. गोष्ट हजार वर्षं पुढं गेली, तरी आळी तीच.

आणि या बायका. यांच्या पणज्या बाजारात उभ्या करून विकल्या. यांनी कुणाला विचारलं नाही. आपलं कातडं, आपले कुरळे केस, आपल्या आज्यांची गाणी घेऊन सरळ दुसऱ्या ग्रहावर उतरल्या. तिथं पाणी आधी कुणी भरायचं, ते त्यांची बाई ठरवते. चुकते, चिडते, राज्य करते. दयेसाठी उभी राहत नाही. वाचताना मला पहिल्यांदा कळलं, आमच्याकडून सगळ्यांना भूतकाळ तेवढा पाहिजे असतो. पुढचा काळ मागणाऱ्यांनी स्वतःच्या नावावर करून ठेवलाय.

अध्यक्ष आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघ, विज्ञानकथेला बुद्धी लागते. तुमच्या लोकांकडे अनुभव आहे. तुझ्या आईचं मेंढरांमागचं आयुष्य लिही. आम्ही छापू. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

म्हणजे माझ्या आईनं काट्यांतून चालायचं आणि यांनी रुमाल काढायचा.

मी ट्रे टेबलावर ठेवला. एरवी मी तिथं जपून, पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी घरची भाषाच आली.

“सर, तुमी त्यातली एक तरी वाचलीय का?”

“वाचायची गरज नाही.”

“मग बसा. मी वाचल्यात.”

आणि बोलले. उभ्यानं, अर्धा तास. अध्यक्ष उठून गेले. त्यांच्यामागं चौघं. उरलेले ऐकत होते की चहाची वाट बघत होते, ठाऊक नाही. मला पर्वा नव्हती.

सोमवारी वाचनालयानं माझ्यापुढं माफीनामा ठेवला. टाईप करून तयार, फक्त सही बाकी. त्यात ‘पायरी सोडून’ असं लिहिलेलं. मी सही केली नाही. काम गेलं.

घरी आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

“त्या बाया कुणाच्या गं?”

“त्यांच्या पणज्या मालकाच्या रानात कापूस वेचायच्या. पळाल्या की फटके.”

“आन् ह्यांनी चांदण्यातलं लिवलं?”

“व्हय.”

“बरं केलं. रानातलं किती लिवायचं.”

आता मी निमगाव केतकीत झेरॉक्सच्या दुकानात बसते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहिते. विज्ञानकथाच. तिच्यातली बाई धनगराची आहे आणि यान तिचं आहे. कुणाला दाखवून परवानगी घेणार नाही. माझ्या आईचं आयुष्य ज्याला पाहिजे असेल, त्यानं आधी माझं भविष्य वाचावं.