दयाबाईंची कार्डं आणि सहादेवचं नाव

नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला क्षयरोग्यांचा एक छोटा धर्मादाय दवाखाना होता. तिथले कागदपत्र दया वैरागर सांभाळायच्या. हुद्दा कारकुनाचा, पण पेशंटांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना दयाबाईच म्हणायचे. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. भाऊ एलियाच्या घरी राहायच्या. एलिया नगरच्या रेल्वे स्टेशनात तिकीट कलेक्टर होता.

दयाबाईंना एक खोड होती. एखादी वस्तू चालते कशी, हे कळल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दोनदा खोललं होतं आणि एकदाच नीट जोडलं होतं. दुसऱ्या वेळी एक स्क्रू उरला, तो त्यांनी काडेपेटीत जपून ठेवला. घड्याळ चालतच होतं, म्हणून तर त्यांना जास्त कोडं पडलं.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर दवाखान्याचे डॉक्टर नेवासकर बंगलोरच्या एका शिबिराला जाऊन आले. तिथं त्यांना म्हणे कॉम्प्युटर दाखवला होता.

"अख्खी खोली भरून यंत्र," डॉक्टर चहा पिता पिता सांगत होते. "हजारो पेशंटांची माहिती कार्डांवर. प्रश्न विचारला की हवी ती कार्डं पटापट वेगळी होतात."

"पण यंत्राला वाचता कसं येतं?" दयाबाईंनी विचारलं.

"भोकं असतात कार्डाला." डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून एक कार्ड काढलं. तिथं वाया गेलेलं, यांनी पुस्तकात खूण घालायला म्हणून आणलेलं. "हे घ्या. मला त्यातलं काही कळत नाही."

दयाबाईंनी ते कार्ड खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं. चौकोनी बारीक भोकांतून उजेड आला. त्या दिवसापासून ते कार्ड त्यांच्या पर्समध्ये राहू लागलं.

डॉक्टरांनी गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट दयाबाईंच्या मात्र रोजच्या अडचणीची होती. दवाखान्यात अठराशे पेशंटांचे केसपेपर होते, सुतळीनं बांधलेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. इंजेक्शनं अर्धवट सोडून पेशंट कुठं पांगले, ते कळेना. डॉक्टर म्हणायचे, "मिरजगावकडचे, औषध चुकवणारे आणि सध्या खडीवर असलेले, एवढे काढून द्या. जीप घेऊन जातो." एवढे काढायला दयाबाईंना चार दिवस लागायचे. तोवर ती माणसं दुसऱ्या कामावर गेलेली असायची.

उत्तर सापडलं ते स्टेशनवर. एलियाचा डबा द्यायला त्या गेल्या होत्या. दारात उभा राहून एलिया उतारूंची पुठ्ठ्याची तिकिटं चिमट्यानं कातरत होता. टक, टक. प्रत्येक तिकिटाच्या कडेला एक खाच. दयाबाई डबा हातात धरून बघतच राहिल्या.

"अगं, डबा दे की," एलिया म्हणाला.

"एलिया, सगळ्या तिकिटांना कडेजवळ भोक असतं आणि तू त्यातल्या काहींचंच भोक कातरून उघडं केलं असतंस तर?"

"तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं."

पण दयाबाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. प्रत्येक कार्डाच्या कडेनं एकसारखी भोकं पाडायची. पेशंट खडीवर असेल तर त्याच्या कार्डावरचं ते भोक कडेपर्यंत कातरून टाकायचं. मग सगळी कार्डं जुळवून त्या भोकातून तार घालायची आणि उचलायची. भोक शाबूत असलेली तारेवर लटकणार, कातरलेली खाली पडणार.

त्यांनी छापखान्यातून जाड कार्डं आणवली. शेजारच्या सूर्यभान सुतारानं शंभर शंभर कार्डं दोन फळ्यांत आवळून सामत्यानं, म्हणजे सुताराच्या हातड्रिलनं, भोकं पाडून दिली. स्टेशनात निकामी म्हणून टाकलेला एक चिमटा एलियानं रीतसर विचारून आणला. तार म्हणून सायकलच्या चाकाची काडी.

एक अडचण उरली. पंधरा गावांना पंधरा भोकं द्यायची तर कड पुरेना. हा गुंता त्यांनी जुन्या वजनांवरून सोडवला. लहानपणी त्यांच्या आईकडं छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर अशी वजनं असायची, प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. एकेकच वजन असलं तरी त्यांची जुळवाजुळव करून एका छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता यायचं. म्हणजे एकेका वजनाच्या नावाची भोकं चारच पुरेत. पाचव्या नंबरच्या गावाला छटाक आणि पावशेर कातरायचं, बाकीची दोन तशीच ठेवायची. हे सुचलं तेव्हा त्या परसात भांडी घासत होत्या. राखेच्या हातांनीच त्यांनी भिंतीवर पंधराच्या पंधरा जुळण्या मांडून पाहिल्या.

अठराशे कार्डं भरायला तीन महिने गेले. मार्चात डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दयाबाईंनी काडी घातली, उचलली, हलवली. टेबलावर कार्डांचा सडा पडला. पडलेल्यांत पुन्हा काडी, पुन्हा हलवणं. अकरा मिनिटांत तेवीस नावं डॉक्टरांच्या हातात.

डॉक्टरांनी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "दयाबाई, बंगलोरवाल्यांना कळवायला हवं."

बंगलोरला कळवणं राहिलं, पण नगरात बातमी पसरली. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दयाबाईंच्या टेबलाशी घेऊन यायचे. त्याही दर वेळी नव्या उत्साहानं दाखवायच्या. आवडीची गोष्ट कुणी विचारतंय, याचंच त्यांना अप्रूप.

एप्रिलात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. "मी नागापूरला एका कारखान्यात असतो. यंत्रांची आवड आहे," ते म्हणाले. आणि खरंच, त्यांनी प्रश्नही शहाण्यासारखे विचारले. दोन भोकं एकदम तपासता येतात का? एखादं चुकून कातरलं तर? दयाबाईंनी चुकलेल्या भोकावर कागदाची पट्टी चिकटवायची युक्ती सांगितली.

"एखादं गाव काढून दाखवता?"

"सांगा कुठलं."

"आमचं नागापूरच काढा."

नऊ कार्डं पडली. गृहस्थांनी ती अलगद उचलली, "वा, वा" म्हणत एकेक चाळली आणि परत दिली. चहा घेऊन, आभार मानून गेले.

पुढच्या पंधरवड्यात सहादेव नावाचा पेशंट लागोपाठ तीन इंजेक्शनांना आला नाही. हा मूळचा मिरजगावचा, नागापूरला खोली घेऊन एका कारखान्यात लेथवर काम करायचा. वर्षभरात त्यानं एक वार चुकवला नव्हता. दयाबाई नर्स फिलोमिनाला घेऊन त्याच्या खोलीवर गेल्या.

दारात त्याची बायको चांगुणा उभी होती. तिनं आत या म्हटलं नाही. सहादेव आतून उठून आला.

"साहेबांनी बोलावलं," तो म्हणाला. "म्हनले, तुला छातीचा रोग हाय, उद्यापासनं यायचं न्हाई. मी म्हनलं, कुनी सांगितलं? तर म्हनले, दवाखान्याची यादी बघितलीय आमच्या मान्सानं. बाई, मी सख्ख्या भावालासुदीक बोललो न्हवतो."

"आता चाळीतल्या बाया मला नळावर हंडा लावू देत न्हाईत," चांगुणा म्हणाली.

दयाबाईंच्या डोळ्यांसमोर पांढरा शर्ट उभा राहिला. ती मऊ बोटं, एकेक कार्ड चाळणारी. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. फिलोमिनालाही ठाऊक नव्हतं.

"सहादेव, यादी माझ्या हातून गेली," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही. कार्डं कशी चालतात ते दाखवायच्या नादात मी ती त्या माणसाच्या हातात दिली."

सहादेव उंबऱ्यावर टेकला.

"वरीस झालं, मला येताना बघताय तुमी. कधी वार चुकलो का?"

"नाही."

"मंग माझं नाव तुमच्यापाशी ठेवायला दिलं हुतं, ते कसं चुकलं?"

फिलोमिनानं पिशवीतून इंजेक्शन काढलं. सहादेवनं दंड पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कारखान्यात गेले. याच्यापासून आता कुणाला लागण होणार नाही, असं लिहूनही दिलं. मालकानं कागद वाचला आणि घडी घालून परत केला. परतल्यावर डॉक्टर म्हणाले, "बंद करू या हे कार्डांचं, दयाबाई. केसपेपर बरे होते."

दयाबाईंनाही रात्रभर तेच वाटलं होतं. पण सकाळी दुसरा विचार आला. सुतळीतल्या केसपेपरांना तरी कुलूप कुठं होतं? त्यातून काही शोधायला चार दिवस लागायचे, म्हणून कुणी आलं नाही, एवढंच. शोधणं सोपं झालं ते सगळ्यांनाच सोपं झालं. मग जे चार दिवसांची मेहनत आपोआप करत होती, ते आता कुणीतरी जाणूनबुजून करायला हवं.

"मला एक महिना द्या," त्या म्हणाल्या.

जुन्या कार्डांवरून उतरवत त्यांनी अठराशे कार्डं महिन्याभरात नव्यानं केली. नाव काढून टाकलं, फक्त नंबर ठेवला. कुठला नंबर कुणाचा, ते एका वहीत. वही डॉक्टरांच्या कपाटात, किल्ली डॉक्टरांकडं. कार्डं मात्र दयाबाईंच्या टेबलाच्या खणात. एकाच माणसाकडं दोन्ही नकोत, स्वतःकडंही.

मग त्यांनी फिलोमिनाला बोलावलं. "आता तू चोर हो. वही न बघता या कार्डांतून एखाद्याला हुडकून दाखव."

फिलोमिना हसली, पण बसली. तिनं मिरजगाव काढलं. त्यातून बायका. त्यातून पन्नाशीच्या वरच्या. धंद्याच्या भोकातून काडी घातली, तर एकच कार्ड पडलं: नंबर ४१२, कासार.

"ही झुंबरबाई!" फिलोमिना ओरडली. "मिरजगावात बांगड्या भरणारी म्हातारी दुसरी आहेच कोण?"

दयाबाई चकित झाल्या. नाव नाही, पत्ता नाही आणि तरी पाच मिनिटांत बाई टेबलावर हजर! घाबरायला तर झालंच, पण उमजल्याचा आनंदही काही लपेना. "आणखी एक काढ," त्या फिलोमिनाला म्हणाल्या. "आणखी एक." त्या दुपारी फिलोमिनानं सात माणसं ओळखली. एक तर तिच्या मावशीचा शेजारी निघाला. त्याबरोबर ती हसायची थांबली आणि म्हणाली, "बाई, हे मला कळायला नको होतं."

धंद्याचं भोक गेलं. वयाच्या खाचा दहा दहा वर्षांच्या झाल्या. आणि दयाबाईंनी नियम केला: पाचांपेक्षा कमी कार्डं पडली तर आकडासुद्धा बाहेरच्याला सांगायचा नाही. पाहुण्यांसाठी त्यांनी वेगळा गठ्ठा बनवला, सगळी गावं मनातली, सगळे पेशंट मनातले. डॉक्टरांचे पाहुणे त्यावर तितकेच खूश होऊ लागले.

सहादेवला दोन महिने काम मिळालं नाही. फिलोमिना पांढरी साडी टाळून, पाहुणी आल्यासारखी त्याच्या खोलीवर जाऊन इंजेक्शन देत राहिली. पुढं पाण्याच्या टँकरांची दुरुस्ती करणाऱ्या एका गॅरेजात तो लागला. दुष्काळात टँकरांना उसंत नव्हती आणि गॅरेजवाल्याला हात हवे होते. त्यानं औषध पुरं केलं, छातीचा फोटो स्वच्छ आला. दवाखान्यात यायचा तेव्हा दयाबाईंशी चांगलं बोलायचा. पण आपला नंबर तो पाठ करून आला होता आणि खिडकीशी तेवढाच सांगायचा. नाव त्यानं पुन्हा त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नाही. दयाबाईही नंबरच लिहून घ्यायच्या.

पावसाळ्यात त्यांनी सायक्लोस्टाइलवर एक कागद काढून जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या दवाखान्यांना पाठवला. वर कार्डं कशी करायची याच्या सूचना: काडी गंजू देऊ नका, दमट दिवसांत कार्डं फुगतात तेव्हा गठ्ठा लहान घ्या, चुकीची खाच पट्टीनं बुजवा. खाली चौकटीत सावधगिरी: नाव आणि माहिती एका खणात ठेवू नका. पाहुण्यांना खरी कार्डं दाखवू नका. आपल्यातल्याच एकाला चोर करून दर महिन्याला तपासा. सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःची चूक लिहिली, सहादेवचं नाव आणि गाव वगळून. डॉक्टरांना ते रुचलं नाही. "एवढं उघडं कशाला लिहायचं?" ते म्हणाले. "नाहीतर चौकट कुणी वाचणार नाही," दयाबाई म्हणाल्या.

नऊ ठिकाणांहून पत्रं आली. एकानं अच्छेराच्या पुढं शेर जोडून एकतीस गावं बसवली होती. दयाबाईंनी ते ताबडतोब करून पाहिलं.

चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला डॉक्टर पुन्हा बंगलोरला निघाले, तेव्हा दयाबाईंनी त्यांच्या हातात फुलस्केप कागद ठेवला. त्यावर कॉम्प्युटरवाल्यांसाठी बारा प्रश्न होते. डॉक्टर आठवड्यानं परतले ते तीन उत्तरं घेऊन. तिसरं होतं सातव्या प्रश्नाचं: विचारणारा कोण आहे, हे यंत्र बघतं का?

"तिथले साहेब हसले," डॉक्टर म्हणाले. "म्हणाले, कार्ड घातलं की यंत्र उत्तर देतं. कार्ड कुणी घातलं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही."

"का नाही शिकवलं?"

"ते मी विचारलं नाही."

दयाबाईंनी कागद परत घेतला आणि पेन काढून तेरावा प्रश्न लिहायला घेतला.